पार आणि ओटा: कोवर्किंगच्या लाउंजसाठी शिल्पासारखी बैठक कशी घडवायची

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये अजून काही वडा-पिंपळांभोवती पार शिल्लक आहेत. संध्याकाळी अशा एखाद्या पाराकडे थोडा वेळ बघत उभं राहा. एका अंगाला पेपर वाचणारे आजोबा, दुसऱ्या अंगाला मोबाइलमध्ये डोकं घातलेली कॉलेजची मुलं, पलीकडे भाजीची पिशवी टेकवून दम खाणाऱ्या काकू. सगळे एकाच बैठकीवर आहेत, पण कुणी कुणाच्या डोळ्यांसमोर नाही. पार गोल असतो आणि बसणाऱ्याचं तोंड बाहेर असतं. आता वाड्याच्या दारालगतचे दोन ओटे आठवा. ते समोरासमोर असतात. तिथे दोन अनोळखी माणसं जरी टेकली, तरी पाच मिनिटांत "कुठले तुम्ही?" सुरू होतं.

कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या एका मनोरुग्णालयात काम करताना हम्फ्री ऑस्मंड या डॉक्टरांनी १९५७ साली नेमका हाच फरक मांडला. काही रचना माणसांना जवळ आणतात, काही त्यांना एकमेकांपासून मोकळं ठेवतात. शिल्पासारखी वळणदार बैठक करायची तर हे आधी ठरवावं लागतं. आपण पार करतोय की ओटा? बाणेर, बालेवाडी, खराडीच्या कोवर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसांमध्ये, मी गेली काही वर्षं अशा बैठका करते आहे. फोटोत देखण्या दिसलेल्या आणि महिन्याभरात ओस पडलेल्या बैठकाही मी पाहिल्या आहेत, त्यातली एक माझीच होती. त्या अनुभवातून जमलेली पद्धत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: दोन दिवस नुसतं बसा

कागद-पेन्सिल उघडण्याआधी त्या जागेत जाऊन बसा. एक दिवस सोमवारचा घ्या, एक शुक्रवारचा. लाउंजमध्ये लोक साधारण चार गोष्टी करतात: फोनवर बोलतात, तासभर लॅपटॉपवर काम करतात, कुणी भेटायला आलं तर चहा घेतात आणि दुपारी जेवणानंतर डोळे मिटून टेकतात. यातलं काय किती होतं, ते वहीत रेघा मारून मोजा. फोनवाले जास्त असतील तर उंच पाठीचे, एकमेकांकडे पाठ केलेले कोपरे लागतील. चहावाले जास्त असतील तर आत वळणारी बैठक.

त्याच दिवशी टेप घेऊन चार मापं काढा: लिफ्टचं दार, लिफ्टची आतली उंची, जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा आणि ऑफिसचं मुख्य दार. माझ्या सुरुवातीच्या एका कामात नऊ फुटांची वळणदार बैठक मी अखंड करून घेतली होती. ट्रक आला, सहा माणसांनी ती उतरवली, आणि लिफ्टचं दार निघालं ८० सेंटिमीटरचं. जिन्यावरही ती वळेना. रात्री अकरा वाजता पार्किंगमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात सुतारकाकांनी ती करवतीने मधोमध कापली. नवं कापड फाडताना त्यांचा हात थबकला होता, तो मला अजून दिसतो. तेव्हापासून प्रत्येक तुकडा ७५ सेंटिमीटरच्या फटीतून आडवा किंवा उभा जाईल आणि दोन माणसांना उचलेल, एवढाच करते. वजनाचा अंदाज घ्यायला सोपं गणित आहे: १८ एमएम प्लायची आठ बाय चारची एक शीट सुमारे ३० ते ३५ किलो भरते. एका तुकड्याचं एकूण वजन ४० किलोच्या वर जाऊ देऊ नका.

फरशीवर बैठकीचा आराखडा मास्किंग टेपने आखा. चालायची वाट निदान ९० सेंटिमीटर ठेवा आणि व्हीलचेअर वळवायला एके ठिकाणी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा सोडा. आणीबाणीच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेत बैठकीचं नाकसुद्धा येता कामा नये. फोम पेटला की फार वेगाने आणि फार धुरासकट जळतो, त्यामुळे इथे तडजोड नको. ज्वाळारोधक फोम मिळतो, तो मागून घ्या.

दुसरी पायरी: आधी काप, मग आकार

नवखा माणूस सहसा समोरून दिसणारं चित्र काढतो: लाट, पान, शंख, नदीतला गोटा. चित्र छान येतं, मग त्यात माणूस कोंबला जातो. हे उलटं करा. बैठक पावाच्या लादीसारखी आडवी कापली तर बाजूने कशी दिसेल, तो काप आधी काढा. तिथेच सगळं ठरतं.

मी वापरते ती मापं देते. पुढच्या कडेची उंची कुशनसकट ४२ सेंटिमीटर. बसल्यावर फोम तीनेक सेंटिमीटर दबतो, म्हणजे प्रत्यक्षात ३९ उरतात. बैठकीची खोली ५० सेंटिमीटर, ५२च्या पुढे नाही. बैठक मागे पाच अंशांनी उतरती, म्हणजे ५० सेंटिमीटरमध्ये साधारण चार सेंटिमीटरचा उतार. बैठक आणि पाठ यांच्यातला कोन नुसतं टेकायचं असेल तर १०५ ते ११० अंश, मांडीवर लॅपटॉप असेल तर १०० अंशांच्या आसपास. कमरेचा आधार बैठकीपासून २० सेंटिमीटरवर हवा. फोनवर बोलणाऱ्यांसाठी पाठ जमिनीपासून १३० सेंटिमीटरपर्यंत न्या, म्हणजे ती कानाच्या वर जाते आणि शेजारचा आवाज बराच अडतो.

खोलीचं माप एवढं घट्ट का धरायचं? मघाशी म्हटलेली ओस पडलेली बैठक इथेच फसली होती. मी परदेशी फोटोवरून ६२ सेंटिमीटर खोली घेतली. उद्घाटनाला सगळ्यांनी कौतुक केलं. महिन्याने गेले तर बायका कडेवर टेकून बसलेल्या, पाठीला काहीच नाही, आणि मागे रेललेल्यांचे पाय अधांतरी. एक मुलगी तर चक्क खाली फरशीवर बसून बैठकीला पाठ टेकवून काम करत होती. तिच्याशेजारी खाली बसले आणि मला माझी चूक समजली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीय शरीरमापांचा संग्रह काढला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला तर गुडघ्यामागची उंची आणि नितंबापासून गुडघ्यामागपर्यंतची लांबी, ही दोन मापं त्यातून उतरवून घ्या. परदेशी कॅटलॉगपेक्षा ती उपयोगी पडतात.

दहातल्या दोन जागा तरी ४५ सेंटिमीटर उंच आणि हाताला आधार असलेल्या ठेवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल, मऊ बैठकीतून उठताना कुणाचा तरी हात मागावा लागतो. ती वेळ आपण कुणावर आणू नये.

काप ठरला की तो भिंतीवर पूर्ण मापात खडूने काढा. मग विटा, जुन्या गाद्या, प्लायचे तुकडे रचून त्या मापाची कच्ची बैठक उभी करा आणि बुटक्या, उंच, जाड, बारीक अशा निदान सहा जणांना वीस-वीस मिनिटं बसवा. दोन मिनिटांत काही कळत नाही. वीस मिनिटांनी माणूस कुठे सरकतो, पाय कुठे घेतो, ते बघा.

तिसरी पायरी: वळण

आत वळणाऱ्या बैठकीत गुडघे जवळ येतात, बाहेर वळणाऱ्या बैठकीत खांदे. समजा आत वळणारी बैठक आहे, पुढच्या कडेची त्रिज्या १२० सेंटिमीटर आणि पाठीची १७०. पाठीशी माणशी ६० सेंटिमीटर दिले तर गुडघ्यांपाशी जेमतेम ४२ उरतात. शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागला की माणूस दर वेळी एक जागा सोडून बसतो, आणि सहा जणांच्या बैठकीवर तीनच दिसतात. म्हणून आत वळणाऱ्या बैठकीचं माणशी माप पुढच्या कडेवर धरा. बाहेर वळणाऱ्या बैठकीचं माप खांद्यांच्या रेषेवर धरा.

मला एकाच बैठकीत दोन्ही वळणं आवडतात, इंग्रजी एस अक्षरासारखी. आत वळणाऱ्या पोटात चहाची मंडळी आणि बाहेर वळणाऱ्या पाठीवर एकटा काम करणारा, असे दोघेही मग एकाच वस्तूवर नांदतात.

चौथी पायरी: शाडूची बैठक आणि दोरा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. संगणकावर आकार काढता येत असला तरी एकदा हे हाताने करा. गणपतीच्या आधी शाडू माती पुण्यात सहज मिळते, इतर वेळी कुंभारांकडे विचारा. एकास दहा प्रमाणात, म्हणजे तीन मीटरची बैठक ३० सेंटिमीटरची, अशी मातीत घडवा. सोबत साडेसोळा सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा माणूस कापून ठेवा, गुडघ्यात आणि कमरेत टाचणी लावून वाकणारा. दर दहा मिनिटांनी त्याला मातीवर बसवून बघा. दुसऱ्या पायरीत ठरवलेला काप पुठ्ठ्यातून कापून घ्या आणि बसण्याच्या जागी मातीवरून ओढत न्या, मोदकाच्या कडेवर बोट फिरवावं तसा. म्हणजे वळण कितीही लहरी झालं तरी बसण्याची जागा बिघडत नाही. लहरीपणा पाठीच्या वरच्या रेषेला, टोकांना आणि मागच्या बाजूला करा. शिल्प तिथे मोकळं होतं.

माती ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, नाहीतर टोकांना तडे जातात. ती अर्धवट घट्ट झाली, बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण चिकटत नाही, अशा वेळी खरं काम सुरू होतं. नायलॉनचा बारीक दोरा दोन्ही हातांत ताणून धरा आणि दर तीन सेंटिमीटरवर माती सरळ खाली कापा. प्रत्यक्षात ते ३० सेंटिमीटर होतात, आणि तेवढ्या अंतरावर आतल्या प्लायच्या फासळ्या येणार आहेत. बैठक वळणदार असेल तर काप समांतर घेऊ नका. वळणाच्या मध्यबिंदूकडे तोंड करून घ्या, केक कापतो तसे, आणि मातीतलं तीन सेंटिमीटरचं अंतर बाहेरच्या कडेवर मोजा. नाहीतर टोकाकडच्या फासळ्या तिरक्या कापाच्या निघतात आणि तिथे बसल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

प्रत्येक काप आलेख कागदावर ठेवून त्याची कड पेन्सिलीने गिरवा आणि लगेच क्रमांक टाका. मातीच्या बैठकीची लांबी पुन्हा मोजा, कारण सुकताना माती आक्रसते. मग दहापट करून खाकी कागदावर काढा. काही कारागिरांनी अशी फासळ्यांची पद्धत गणपतीच्या देखाव्यांत आयुष्यभर वापरलेली असते. पेठेत मंडपाचं काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना कागद दाखवा. कुठली फासळी डळमळेल ते ते नजरेने सांगतात.

पाचवी पायरी: सांगाडा

खाकी कागदावरून हार्डबोर्डचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, करा आणि फर्म्यावरून १८ एमएम प्लायच्या फासळ्या. संख्या जास्त असेल तर भोसरी एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, कापून घ्या. दोन-तीन बैठकांसाठी सुतारकाकांची जिगसॉ, म्हणजे हातातली विजेची करवत, पुरेशी आहे. शीट आठ बाय चारची असते. फासळ्या एकात एक बसवून आखल्या तर एखादी शीट सहज वाचते.

प्लाय घ्यायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जा. भारतीय मानकाचा शिक्का बघा: आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ३०३ म्हणजे साधा व्यापारी दर्जा. जमिनीलगतच्या १५ सेंटिमीटरसाठी ७१० घ्या, वर ३०३ चालतो. पुण्याच्या पावसाळ्यात ओल्या छत्र्या बैठकीला टेकवल्या जातात आणि फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते, प्लाय फुगतो तो खालून.

फासळ्यांवर फ्लेक्सी प्लायचं कातडं चढतं. हा प्लाय एकाच दिशेने वाकतो, काही शीट लांबीत, काही रुंदीत, म्हणून दुकानातच वाकवून बघून घ्या. पातळ दोन थर गोंद लावून एकमेकांवर दाबले की वाळल्यावर वळण पक्कं बसतं. घुमटासारख्या, म्हणजे दोन दिशांनी वळणाऱ्या भागावर अखंड शीट बसणारच नाही. तिथे दोन इंची पट्ट्या कापून शेजारी शेजारी लावा, उरलेला गोलवा फोमने भरून येतो. तुकडे एकमेकांना जोडायला टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) आणि बोल्ट वापरा, आणि बोल्टपर्यंत हात जाईल अशी खिडकी मागे ठेवा.

सहावी पायरी: फोम आणि कापड

बसायच्या जागी चार इंची ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो भरणारा) फोम, वर एक इंच मऊ. पाठीला दोन इंची ३२ डेन्सिटी पुरते. सबंध बैठकीला एकच मऊ फोम लावणं ही नेहमीची चूक आहे. पहिल्या दिवशी गादीसारखी वाटते, वर्षभरात मधे खड्डा पडतो. कडांचा फोम धार लावलेल्या हॅक्सॉ ब्लेडने कोरतात. हे काम आपण करू नये, हातखंडा असलेल्या कारागिराला द्यावं आणि शेजारी उभं राहून शिकावं.

कापडाचं गणित मला माझ्या सोफेवाल्या चाचांनी शिकवलं. पहिल्याच भेटीत माझ्या रेखाचित्रातल्या खोलगट भागावर बोट ठेवून ते म्हणाले, "मॅडम, कापड म्हणजे पाणी नाही, खड्ड्यात आपणहून उतरायला." फुगीर भागावर ताणलं की कापड बसतं, आत गेलेल्या भागावर ते डफाच्या चामड्यासारखं अधांतरी ताणून राहतं. त्यावर तीन उपाय आहेत: बैठक आणि पाठ मिळतात त्या सांध्यात शिवण घालून ती आतल्या पट्टीला ओढून घेणं, कापड फोमला चिकटवणं, किंवा मुळात ताणलं जाणारं विणीचं कापड घेणं. फ्रेंच डिझायनर पिएर पोलां यांनी १९६०च्या दशकात धातूच्या सांगाड्यावर फोम आणि त्यावर ताणलं जाणारं कापड मोज्यासारखं चढवलं. त्यांची १९६६ची रिबन आणि १९६७ची टंग या खुर्च्या नीट बघा. शिवणी किती कमी आहेत आणि ज्या आहेत त्या नेमक्या कुठे आहेत, ते वहीत काढा.

महाग कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाची खोळ करून बघा. मांजरपाट बैठकीवर टाकायचं, टाचण्यांनी घट्ट करायचं, जिथे चुणी पडते तिथे खडूने रेघ मारायची. त्या रेघा म्हणजे शिवणी. उलगडून इस्त्री केली की हेच तुकडे तुमचे फर्मे झाले. त्यांच्यावर नाव आणि तारीख लिहून जपून ठेवा, चार-पाच वर्षांनी कापड बदलायची वेळ येईल तेव्हा कामाला येतील. गादीचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं येतं. त्या पन्ह्यात बसणारे तुकडे आखले तर सांधे आणि नासाडी दोन्ही कमी होतात.

कापड निवडताना घर्षण चाचणीचा आकडा विचारा. अशा सार्वजनिक वापराला कापड घासून बघणाऱ्या मार्टिनडेल चाचणीत ४०,००० फेऱ्यांच्या पुढे टिकणारं घ्या. स्वस्त पीयू रेक्झिन टाळा. दमट हवेत त्याचा वरचा थर दोन-तीन वर्षांत पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. आणखी एक परीक्षा घरीच करा: नमुन्यावर अर्धा कप दुधाचा चहा ओता, दहा मिनिटं थांबा, ओल्या फडक्याने पुसा. जो डाग उरला तो बैठकीवर कायम राहणार आहे.

सातवी पायरी: पाय, प्लग, कड

बैठकीचा तळ पुढून दहा सेंटिमीटर आत घ्या. उठताना टाचा आत जातात आणि माणूस सहज उभा राहतो. पोछाही तिथपर्यंत पोचतो. तळाच्या पट्टीला स्टील किंवा लॅमिनेट लावा, कापड जमिनीपर्यंत नेऊ नका. प्लग पॉइंट बैठकीच्या उभ्या बाजूला, बसणाऱ्याच्या हाताशी पण चहा सांडेल त्या रेषेच्या बाहेर ठेवा, आणि वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. लॅपटॉपसाठी ६० ते ६५ सेंटिमीटर उंचीचं सुटं छोटं टेबल द्या. बैठकीलाच फळी चिकटवली तर ती कधीच योग्य जागी नसते.

आठवी पायरी: मांडल्यानंतर

बैठक मांडली, फोटो झाले, पेढे वाटले की काम संपलं असं वाटतं. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, तीच वही घेऊन, आणि पहिल्या पायरीसारख्याच रेघा मारा. कोणत्या जागा रिकाम्या राहतात? कुठे बॅगाच ठेवल्या जातात? एका कामात टोकाची सर्वांत देखणी जागा कायम रिकामी असायची. तिथे बसून पाहिलं तर थेट मानेवर एसीचा झोत येत होता. तुकडे बोल्टने जोडलेले होते, म्हणून दोघांनी मिळून वीस मिनिटांत ते टोक फिरवून खिडकीकडे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक काका डबा उघडून बसलेले होते.

बोल्टांची चावी मागच्या खिडकीत आतल्या बाजूला टेपने चिकटवून ठेवा आणि ती कुठे आहे हे तिथे रोज सफाई करणाऱ्या मावशींना सांगा. व्यवस्थापक बदलतात, मावशी सहसा तिथेच असतात.